वाचकांचे प्रश्न : सॉकेट आधी, प्रोसेसर नंतर

प्रश्न : माझ्या डेस्कटॉपमध्ये चार कोरचा जुना प्रोसेसर आणि डीडीआर४ (डीडीआर५ च्या आधीच्या पिढीची) रॅम आहे. ग्राफिक्स कार्ड नवे बसवले, तरीही गर्दीच्या प्रसंगांत गेम अडखळतो. जुनी रॅम चालेल असा इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचा (प्रोसेसर बसवायच्या जागेचा) मदरबोर्ड घ्यावा की एएमडीच्या एएम५ सॉकेटचा? महागड्या चिपसेटमुळे (बोर्डावरचे पोर्ट आणि जोडण्या सांभाळणाऱ्या चिपमुळे) फ्रेमरेट, म्हणजे दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, वाढतो का?

उत्तर : खर्च करण्यापूर्वी एक चाचणी जरूर करा. गेम जिथे अडखळतो, नेमक्या त्याच ठिकाणी उभे राहून रिझोल्यूशन कमी करा. फ्रेमरेट जवळपास तेवढाच राहिला, तर ग्राफिक्स कार्ड प्रोसेसरसाठी खोळंबले आहे असे समजावे. तो लक्षणीय वाढला, तर प्रोसेसर बदलून फारसे हाती लागणार नाही. तुमच्या वर्णनावरून पहिलीच शक्यता अधिक वाटते.

एलजीए १७०० सॉकेट २०२१ मध्ये बाराव्या पिढीबरोबर आले, चौदाव्या पिढीपर्यंत चालले आणि २०२४ मध्ये इंटेलने डेस्कटॉपसाठी एलजीए १८५१ आणले. त्यामुळे आज रॅमचे पैसे वाचले, तरी पुढच्या खेपेस प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम हे तिन्ही एकदम बदलावे लागतील. एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते, हा खर्च खराच. पण या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यानंतरही पाठबळ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. माझा कौल एएम५ ला आहे, तो आधीच्या एएम४ चा इतिहास पाहून. २०१७ मध्ये पहिल्या रायझनसाठी घेतलेल्या अनेक बोर्डांवर, केवळ बायोस (बोर्डाचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून, २०२२ चा रायझन ५८००एक्स३डी प्रोसेसर बसवता आला. त्याची ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच अतिजलद मेमरी) गेमिंगमध्ये किती उपयोगी पडते, हे तो बसवणाऱ्यांनी अनुभवले आहे. अर्थात, पुढची पाच-सहा वर्षे काहीच बदलायचे नसेल आणि पैशांची ओढाताण असेल, तर एलजीए १७०० घेण्यात गैर काही नाही. मात्र बोर्ड डीडीआर४ चाच असल्याची खात्री करा, कारण एकाच चिपसेटचे बोर्ड दोन्ही प्रकारांत येतात आणि एकाची रॅम दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही.

महागड्या चिपसेटमुळे फ्रेमरेट वाढत नाही. त्यातून जास्तीचे पोर्ट आणि एसएसडीच्या जागा मिळतात. एएमडीच्या बी६५० या मधल्या चिपसेटवरही ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे) होते, तेव्हा उरलेला पैसा ग्राफिक्स कार्डासाठी राखावा. बोर्ड निवडताना व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) उष्णता शोषणारे धड हीटसिंक आहे का आणि प्रोसेसर न बसवता बायोस अद्ययावत करण्याचे बटण आहे का, एवढे अवश्य पाहा.

रॅमच्या दोन पट्ट्या सहसा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवतात. बोर्डाच्या पुस्तिकेत ते पडताळून घ्या. बायोसमध्ये एक्स्पो (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवण्याची एएमडीची सोय) सुरू केल्याशिवाय ६००० एमटी/सेकंद वेगाची रॅमही त्या वेगाने धावत नाही. एएम५ यंत्र पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. त्या वेळी मेमरीची जुळवणी चालू असते, म्हणून घाबरून वीज बंद करू नका.