सीट बसली, म्हणजे नेमकं काय बसलं?

प्रश्न : वडिलांची १९९२ची प्रीमियर पद्मिनी मी अजून चालवते. ड्रायव्हरची सीट उजव्या बाजूला इतकी खचली आहे की उशी घेतल्याशिवाय बसवत नाही. खाली मॅटवर पिवळट भुसा पडतो. वाकून बघितलं तर एक स्प्रिंग लोंबतेय. कुशनवाला म्हणतो, "वरून दोन इंच फोम टाकतो, नवं कव्हर चढवतो, संध्याकाळी घेऊन जा." करू का? – एक वाचक, वाई

उत्तर : ताई, संध्याकाळी मिळेल खरी, पण दिवाळीपर्यंत पुन्हा बसेल. खड्ड्यावर गादी टाकली म्हणून खड्डा बुजत नाही. शिवाय बसायची जागा दोन इंच वर गेली की मांड्या स्टिअरिंगला घासतात, डोकं छताला टेकायला लागतं.

उजवी बाजूच का खचली? आपण उजव्या दाराने चढतो-उतरतो. उतरताना सगळा भार त्या एका काठावर येतो, तोही तीस वर्षं. डावी सीट बहुधा अजून ठीक असेल. ती उघडू नका, तोच तुमचा नमुना. एकाच माणसाला दोन्ही सीटवर बसवून जमिनीपासून काठाची उंची टेपने मोजा. फरक किती, ते आकड्यात कळेल.

तो भुसा म्हणजे कुजलेला फोम. उन्हाने आणि दमट हवेने फोम ठिसूळ होतो, चिमटीत धरला तर पीठ होतं. स्प्रिंग आणि फोम यांच्यात गोणपाट असतं. ते फाटलं की स्प्रिंग थेट फोममध्ये घुसते आणि प्रत्येक खड्ड्याला त्याला कुरतडते. म्हणून काम खालून वर करायचं.

सीटच्या बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सीट बाहेर काढली की रेक्झीन चौकटीला धरून ठेवणाऱ्या तारेच्या कड्या नीट कापून घ्या. जुनं रेक्झीन फेकू देऊ नका. उसवून, प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबर टाकून ठेवा, नवं त्याच मापाने बेततात.

आता स्प्रिंगा. सुटलेली असेल तर जागेवर बसवून तारेने आवळा, तुटली असेल तर बदला. वेल्डिंग मात्र नको. चौकटीच्या पाइपाला चालतं, स्प्रिंगेला नाही. आच लागली की पोलादाचा ताव, म्हणजे दबून परत उसळायची ताकद, जातो आणि जोडापासून बोटभर अंतरावर ती पुन्हा तुटते. गॅरेज टाकलं त्या वर्षी मी सासरेबुवांच्या गाडीची स्प्रिंग अशीच वेल्ड करून दिली होती. कोल्हापूरला पोचेपर्यंत तिचं टोक वर आलं. ते मला काही बोलले नाहीत. येताना सीटवर पाट ठेवून बसून आले.

स्प्रिंगांवर नवं गोणपाट ताणून, काठाच्या तारेला सुतळीने शिवायचं. ढिलं राहिलं तर सगळं मुसळ केरात. त्यावर फोम घ्याल तो ४० डेन्सिटीचा. ४० म्हणजे एका घनमीटरचं वजन ४० किलो. दुकानदार "चाळीसच आहे" म्हणेल, आपण काट्यावर टाकायचा. १ मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, १० सेंटिमीटर जाड तुकडा २ किलो भरला पाहिजे. सव्वा किलो भरला तर तो सोफ्याच्या पाठीचा फोम आहे, नमस्कार करून बाहेर पडा. उजव्या काठाला मात्र तुकडे दाबून केलेल्या कडक रिबॉन्डेड फोमची चार बोटं रुंद पट्टी लावून घ्या. सारा मार तिथेच बसतो.

रेक्झीन चढवण्याआधी अर्धा तास उन्हात टाका. मऊ पडतं आणि सुरकुती न येता ताणलं जातं. रंग तुमच्या आवडीचा. डाव्या सीटशी जुळला नाही तरी चालेल, पाठ काही रंग बघत नाही.

या सगळ्याला दोन दिवस लागतील. सीट बाहेर आहे तोवर मॅट उचला आणि बोल्टांच्या भोवती स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. टोक आरपार गेलं तर फोम राहू दे, आधी पत्रेवाल्याला गाठा.