आठवीच्या मुलींना मार्गदर्शन: सुरुवात कुठून करावी

पहिल्या वर्षी वीस मुली घेऊ नका, पाच-सहा पुरे. आठवड्यातून एक ठरलेला दिवस, दीड तास, आणि तो चुकवायचा नाही. मार्गदर्शन करणारी ताई दोनदा आली नाही की तिसऱ्यांदा मुलीही येत नाहीत.

आधी प्रत्येकीच्या आईला घरी जाऊन भेटा. पाणी, धाकटी भावंडं, स्वयंपाक यांतून मुलगी कधी मोकळी होते ते तिथेच कळतं. अंधाराआधी ती घरी पोचेल अशीच वेळ ठरवा.

आठवी हे एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या हुशार मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेचं वर्ष. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. शाळा सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित हवी, सातवीत ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के) आणि पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. हुशार पोरी इथे अभ्यासापेक्षा कागदांत अडकतात, याचं फार वाईट वाटतं. शाळेची नोंद, आधार, पासबुक, तिन्हीकडे नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. ‘सुनिता’ आणि ‘सुनीता’ एवढ्यानंही पैसे अडकू शकतात. जूनमध्येच तपासा, उत्पन्नाचा दाखलाही तेव्हाच काढायला लावा.

नेहमीच्या चुका:

- भाषण देणं. निम्मा वेळ तिला बोलू द्या.
- थेट आठवीचं गणित. आधी भागाकार आणि अपूर्णांक येतात का बघा, बहुतेकींचं घोडं तिथेच अडलेलं असतं.
- फॉर्म स्वतः भरून टाकणं. पेन तिच्या हातात द्या, वेळ लागला तरी.

दहावीनंतरच्या वाटा सध्या राहू द्या, नववीत बोलू. शाळा लांब असेल तर एसटीचा मोफत पास काढलाय का, हे मात्र आजच विचारा.