आईची पंचाहत्तरी, समुद्रकाठचं घर आणि छत्तीस हप्ते

प्रश्न: आम्ही तिघं भावंडं दर उन्हाळ्यात मुलाबाळांसह समुद्रकाठच्या एकाच गावी जमतो. आठ महिन्यांनी येणाऱ्या सुट्टीत आईची पंचाहत्तरी आहे. मी थोरला, त्यामुळे सगळा खर्च मीच करावा असं मनात आहे. गावाचा उन्हाळी उत्सव असतो त्याच आठवड्याला धरून मोठं घर १० दिवस घ्यायचं, माणसं १४, आणि एक संध्याकाळ थाटात. अंदाजे खर्च माझ्या ३ महिन्यांच्या पगाराइतका: निम्मा घरभाड्याचा, पाव समारंभाचा, पाव प्रवास आणि जेवणाखाणाचा. पगारातले ७० टक्के घरखर्चाला लागतात, १० टक्के निवृत्तीसाठी बाजूला जातात, २० टक्के उरतात. अडीनडीसाठी ६ महिन्यांच्या खर्चाइतकी मुदत ठेव आहे. ती मोडू, की १० टक्क्यांनी ३ वर्षांचं कर्ज घेऊ? एक विक्रेता टाइमशेअर, म्हणजे दर वर्षी ठरावीक दिवस राहण्याचा हक्क, विकत घ्या म्हणतोय. किंमत आमच्या नेहमीच्या मुक्कामाच्या १० वर्षांच्या भाड्याइतकी, वार्षिक देखभाल शुल्क भाड्याच्या ४० टक्के, पहिला मुक्काम फुकट. उत्सवानंतर दोन आठवड्यांनी तेच घर ३० टक्के स्वस्त मिळतंय, पण मग रोषणाई हुकते.

उत्तर: रकमा पगाराच्या महिन्यांत मांडल्यात ते फार बरं केलंत. त्यामुळे किती महिने राबायचं आहे ते सरळ दिसतं.

आधी टाइमशेअर, कारण त्याला फार वेळ द्यायची गरज नाही. भाड्याच्या दहापट रक्कम ६ टक्क्यांनी गुंतवली, तर वर्षाचं व्याजच भाड्याच्या ६० टक्के होतं. त्यात देखभालीचे ४० टक्के मिळवा, झालं पूर्ण भाडं. म्हणजे काहीही विकत न घेता, केवळ व्याजावर आणि देखभालीला गेले असते त्या पैशांवर तुमचा मुक्काम होतो (व्याजावरचा कर धरला तर थोडं कमी) आणि मुद्दल तुमच्याच खिशात राहतं. भाडी वाढत जातात, असं विक्रेता म्हणेल. खरं आहे. पण देखभाल शुल्कही वाढतं, आणि ते न राहिलेल्या वर्षीही भरावं लागतं. वर्षाला ७ टक्क्यांनी वाढलं तर दहाएक वर्षांत ते दुप्पट होतं. शिवाय असे हक्क पुन्हा विकायला गेलं की गिऱ्हाईक मिळताना नाकी नऊ येतात. फुकटचा पहिला मुक्काम म्हणजे दहा मुक्कामांच्या किमतीवर एकाची सूट.

कर्जाच्या बाबतीत एकच विचारा: हे १० टक्के घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावर, आहेत की फ्लॅट? फ्लॅट असतील तर तिन्ही वर्षं पूर्ण मूळ रकमेवर व्याज लागतं, तुम्ही मुद्दल फेडत असलात तरी. ३ पगारांचे ३.९ पगार होतात, दरमहा पगाराचे जवळजवळ ११ टक्के, असे ३६ हप्ते. घटत्या शिलकीच्या हिशोबात हा दर वर्षाला साधारण १८ टक्के पडतो. दर १८ टक्के आहे असं कुणी सुरुवातीलाच सांगितलं असतं, तर तुम्ही हा प्रश्नही विचारला नसता. त्यातून पुढचे दोन उन्हाळे याच सुट्टीचे हप्ते भरत काढायचे. हे मी एकदा केलंय. दुसऱ्या वर्षी आम्ही कुठेच गेलो नाही आणि फोटो बघायचीही इच्छा होईना.

ही माझी एकट्याची खोड नाही, असं पुढे कळलं. ड्रेझन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन या पैशांच्या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी १९९८ मध्ये याच विषयावर लिहिलं. कपडे धुण्याच्या यंत्रासारख्या वस्तूचे पैसे वापरता वापरता द्यायला माणसांना चालतं, सुट्टीचे मात्र बहुतेकांना आधीच देऊन मोकळं व्हायचं असतं. यंत्र हप्ता भरतानाही कपडे धूत असतं, सुट्टी संपलेली असते.

ठेवीला हात लावू नका. ६ महिन्यांचा खर्च म्हणजे तुमचे ४.२ पगार. त्यातून ३ काढलेत तर १.२ उरतो, जेमतेम पावणेदोन महिन्यांचा घरखर्च. घरात ७५ वर्षांची आई असताना एवढ्यावर मला तरी झोप लागणार नाही.

राहिली शिल्लक. महिन्याला २० टक्के, ८ महिन्यांचे १.६ पगार. सुट्टी तेवढ्यात बसते का, हा खरा प्रश्न.

घर उत्सवानंतरचं घ्या आणि १० ऐवजी ६ दिवस. दीड पगाराचं भाडं ३० टक्के सवलतीनंतर १.०५ होतं, ६ दिवसांचं ०.६३. दिवस कमी केल्याचं वाईट वाटेल, पण मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट अशी की, अनुभव किती वेळ चालला याला आठवणीत फारसं वजन नसतं. त्यातला सर्वांत उत्कट क्षण आणि शेवट लक्षात राहतो. म्हणून आईची संध्याकाळ शेवटून दुसऱ्या दिवशी ठेवा. प्रवास तेवढाच राहील, जेवणाखाणाचे दिवस घटतील: ०.७५ चे ०.५५ धरू. समारंभाला ०.४. एकूण १.५८. काठावर बसतंय.

काठावरचं अंदाजपत्रक मला आवडत नाही, आणि इथेच तुमच्या पत्रातली न लिहिलेली गोष्ट येते. भावंडांना तुम्ही विचारलेलंच नाही. थोरल्याने सगळं करायचं ही भावना मी समजू शकतो, पण आई तिघांची आहे, आणि सगळं एकानेच केलं की बाकीचे दोघे पाहुणे होतात. सगळं समान वाटा असंही म्हणत नाही. जेवणखाण एकाकडे, फोटो-सजावट दुसऱ्याकडे, घर आणि प्रवास तुमच्याकडे. मग तुमच्या १.६ मधून थोडा हात सैल राहील, आणि ऐनवेळी कुणाला डॉक्टरकडे न्यावं लागलं तर ठेवीकडे बघावं लागणार नाही.

रोषणाईचं दुःख मुलांना होईल, हे मान्य. पण गर्दीत आईला दोन तास उभं राहावं लागणार असेल तर ती रोषणाई कुणासाठी आहे, हे एकदा स्वतःला विचारा.

वाळूवर मांडव घालणार असाल तर त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ बघून मगच पैसे द्या. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते आणि पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पाणी जास्त वर चढतं. दोन आठवड्यांनी तारीख हलवलीत तर आधी पाहिलेली वेळ धरून चालू नका.

आगाऊ रक्कम भरताना किती दिवस आधी रद्द केलं तर किती परत मिळेल, हे लेखी घ्या. अनामत वेगळी असेल तर ती कधी परत मिळणार तेही. प्रवास विमा घेतलात तर आईच्या जुन्या आजारांबद्दलचं कलम वाचा, बरेच दावे तिथेच अडकतात. आणि घरमालकाला विचारा, तळमजल्यावर झोपायची खोली आणि न्हाणीघर आहे का. जिना चढावा लागत असेल तर ३० टक्क्यांची सूट राहू द्या, दुसरं घर बघा.