एमएसवर अँटिबायोटिक घेतलं आणि बरं वाटलं, तर पुरावा आणखी कसला हवा?

तुम्ही लिहिलंत, एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण झिजवणारा आजार) असलेल्या तुमच्या मेहुण्यांना मे महिन्यात डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू केलं, जुलैत ते काठीशिवाय चालू लागले, तरी डॉक्टर 'पुरावा नाही' म्हणतात. राग येणं साहजिक आहे. माझ्या बहिणीला एमएस होऊन 11 वर्षं झाली, आणि मी इथे कोल्हापुरात कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवतो, म्हणून लिहितोय.

मेच्या उन्हात बहिणीला रंकाळ्याची अर्धी फेरीसुद्धा झेपत नाही. मिरगाचा पाऊस पडून हवा गार झाली की तीच सरळ चालते, औषध न बदलता. मायलिन म्हणजे हे आवरण झिजलेल्या नसा उष्णतेत संदेश नीट पोचवत नाहीत. शिवाय आलेला झटका बऱ्याचदा आपोआपही ओसरतो, आणि आपण नवं औषध नेमकं सगळ्यात वाईट दिवसांत सुरू करतो. मेमध्ये त्यांना स्टेरॉइडची सलाइनंही लागली होती का? तर गुण त्यांचाही असू शकतो.

म्हणून चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, दोन्ही एकाच मोसमात सुरू करायचे, एकाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. रिफॅम्पिसिन हे टीबीवरचं अँटिबायोटिक एमएसवर असं तपासायचं तर हेही अवघड. त्यानं लघवी लालसर होते, टीबीची औषधं घेतलेल्या कुणालाही विचारा. रुग्णाला लगेच कळतं. म्हणून तपासणारा डॉक्टर वेगळा आणि एमआरआय वाचणाराही वेगळा हवा, दोघांनाही गट माहीत नको. (टीबी इतका असलेल्या आपल्या देशात हे औषध एमएससाठी सैल हातानं वापरू नये, असं माझं ठाम मत आहे.)

कॅनडात एमएससारखा पहिलाच झटका आलेल्या 142 जणांवर मिनोसायक्लिनची (डॉक्सिसायक्लिनच्याच जातीचं अँटिबायोटिक) अशी चाचणी झाली, निकाल 2017 साली आला. सहा महिन्यांत बिनऔषधी गटातल्या 61 टक्के लोकांचं एमएसचं निदान पक्कं झालं, औषधाच्या गटात 33 टक्के. पण 24 महिन्यांनी तो फरक ठामपणे सांगता येईल इतका उरला नाही. इंटरफेरॉन या एमएसवरच्या औषधाच्या जोडीला हेच औषध देऊन 305 जणांवर केलेल्या चाचणीत फायदा दिसलाच नाही. आणि मिनोसायक्लिन दाहही कमी करतं, त्यामुळे गुण आला तरी रोगामागे जंतू होता असं ठरत नाही. ते शोधायचं तर जंतूची तपासणी औषधाआधीच करून ठेवावी लागते.

मेहुण्यांचं नेहमीचं औषध मात्र थांबवू नका, आणि डॉक्सिसायक्लिनचं न्यूरोलॉजिस्टना नक्की सांगा. घरात 25 फूट आखून घ्या, दर रविवारी सकाळी एकाच वेळी ते अंतर चालायला किती सेकंद लागतात ते वहीत लिहा. पुढच्या मेपर्यंत.