पीसीवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही आहेत, घड्याळ दरवेळी चुकतं, सेल बदलला तरी तेच. काय करू?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. एकाच पीसीवर विंडोज आणि उबुंटू आहे, उबुंटूतून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ मागे दिसतं, नेट जोडलं की थोड्या वेळाने आपोआप बरोबर होतं, मग उबुंटूत आलात की तिथे पुढे गेलेलं असतं. दुकानदाराने मदरबोर्डवरचा सेल बदलून दिला, फरक नाही, आता तो मदरबोर्डच बदलू म्हणतोय.

मदरबोर्ड अजिबात बदलू नका. तुमच्या बोर्डाला काहीही झालेलं नाही.

मी छोट्या ऑफिसांचे आणि पतसंस्थांचे कॉम्प्युटर सांभाळतो आणि घड्याळाची तक्रार आली की पहिल्यांदा एकच विचारतो, नेमका किती फरक पडतोय? "चुकतंय" एवढं पुरत नाही, आकडा पाहिजे, कारण दुखणं कुठलं ते त्या आकड्यावरूनच कळतं. फरक बरोब्बर साडेपाच तासांचा असेल, मिनिटं-सेकंद अगदी जुळत असतील, तर हार्डवेअर ठणठणीत आहे आणि भांडण दोन ऑपरेटिंग सिस्टिमचं आहे. वर्षच भलतं दिसत असेल, म्हणजे चालू केल्यावर थेट दहा-पंधरा वर्षांपूर्वीची तारीख, तर सेल गेलाय. आणि रोज थोडं थोडं, काही सेकंद, महिन्याला मिनिटभर असं सरकत असेल तर ते घड्याळातल्या क्वार्ट्झ क्रिस्टलचं काम आहे, आणि त्यात बिघाड असा काही नसतोच, प्रत्येक पीसी तसा सरकतो. तुम्ही फोटोत पाठवलेल्या दोन वेळा आहेत 9:12 आणि 14:42, म्हणजे साडेपाच तास, विषय संपला. तरी मागचं कारण समजून घ्या, नाहीतर उद्या विंडोज परत टाकलंत की हेच पुन्हा होईल.

कॉम्प्युटरमध्ये घड्याळं दोन असतात. एक मदरबोर्डवरचं, ज्याला आरटीसी किंवा हार्डवेअर क्लॉक म्हणतात, ते पीसी बंद असताना पण चालू राहतं. दुसरं सिस्टम क्लॉक, ते ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीत स्वतः मोजत असते, पीसी बंद झाला की ते संपलं. चालू होताना सिस्टिम आरटीसीला एकदा वेळ विचारते आणि त्यानंतर आपलं आपण मोजत राहते, परत परत तिकडे बघत नाही. त्यामुळे दोन घड्याळं दिवसभरात एकमेकांपासून सरकू शकतात आणि कुणीतरी ती जुळवत राहावी लागतात.

आता मूळ अडचण. 1984 च्या आयबीएम पीसी-एटी मध्ये मोटोरोलाची एमसी146818 ही घड्याळाची चिप होती, आणि आजच्या बोर्डांवर वेगळी चिप दिसत नसली तरी चिपसेटच्या आत तीच रचना सांभाळलेली आहे. त्या चिपला सेकंद, मिनिट, तास, वार, तारीख, महिना, वर्ष एवढंच कळतं, वर्ष तर दोनच आकडी. ही वेळ कुठल्या देशाची, भारताची की ग्रिनिचची, हे लिहून ठेवायला तिथे जागाच नाही. मग वाचणाऱ्याने आपल्या समजुतीने अर्थ लावायचा. डॉसच्या काळापासून मायक्रोसॉफ्टने धरलं की तिथे स्थानिक वेळ आहे. युनिक्सवाले सगळं 1 जानेवारी 1970 पासूनच्या यूटीसी (म्हणजे ग्रिनिचची, जगभर एकच धरलेली वेळ) सेकंदांत मोजतात, त्यामुळे लिनक्स (उबुंटू त्याचाच एक प्रकार) धरतं की तिथे यूटीसी आहे. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. लिनक्सने यूटीसी लिहून ठेवलं, विंडोजने तेच भारताची वेळ म्हणून वाचलं, झालं साडेपाच तास मागे. विंडोजने नेटवरून दुरुस्त केलं आणि चिपमध्ये भारताची वेळ लिहिली, मग लिनक्सने ती यूटीसी समजून तिच्यात अजून साडेपाच तास मिळवले. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त आळीपाळीने एकमेकांचं लिहिलेलं खोडत बसलेत.

उपाय म्हणजे दोघांना एकाच समजुतीवर आणायचं. माझं स्पष्ट मत, चिपमध्ये यूटीसीच ठेवा आणि विंडोजला ते शिकवा, उलटं करू नका. विंडोजमध्ये रिजेडिट उघडा (विंडोजच्या आतल्या सेटिंगची यादी म्हणजे रजिस्ट्री, ती बदलायचा प्रोग्राम), एचकी लोकल मशीन, त्यात सिस्टम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, टाइम झोन इन्फर्मेशन इथपर्यंत जा, उजवीकडे नवीन डीवर्ड (आकडा ठेवायची नोंद) तयार करा, नाव द्या रिअलटाइमइजयुनिव्हर्सल (इंग्रजीत, चारही शब्द जोडून, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल) आणि व्हॅल्यू 1. रजिस्ट्रीत हात घालायच्या आधी त्या फोल्डरचा एक्सपोर्ट काढून ठेवा. मग रीस्टार्ट करून उबुंटूत या, टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल टाइप करा (कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय, तुम्ही अर्थात इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या). त्यात आरटीसी टाइम आणि युनिव्हर्सल टाइम या दोन ओळी सारख्या दिसल्या पाहिजेत आणि शेवटी आरटीसी इन लोकल टीझेड समोर नो पाहिजे. येस असेल तर सुडो टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 0 असं द्या.

बऱ्याच ठिकाणी याच्या उलटा सल्ला मिळेल, म्हणजे त्याच कमांडला 0 च्या जागी 1 द्या आणि लिनक्सला लोकल टाइम वापरायला लावा, एका ओळीत काम होतं. होतं खरं, भारतात तर आपल्याकडे उन्हाळी वेळ नसल्यामुळे ते निभावून पण जातं. पण तसं केलंत की टाइमडेटसीटीएल स्वतःच इशारा दाखवतं की ही पद्धत पूर्णपणे सांभाळता येत नाही, आणि ते उगाच नाही. तोच लॅपटॉप घेऊन कुणी लंडनला किंवा न्यू जर्सीला गेलं की तिथे वर्षातून दोनदा घड्याळ तासभर पुढे-मागे होतं, तेव्हा दोन्ही सिस्टिम आपापल्या परीने तो तास दुरुस्त करतात, कधी कधी दोनदा. यूटीसीला हा त्रास नाही, ते जगभर एकच.

तुमच्या प्रश्नात अजून एक होतं, विंडोज "थोड्या वेळाने" बरोबर का होतं. विंडोजची टाइम सर्व्हिस नेटवरच्या सर्व्हरला विचारून दुरुस्ती करते, पण ऑफिसच्या डोमेनमध्ये नसलेल्या पीसीवर तिला डिफॉल्ट मर्यादा असते 54,000 सेकंदांची म्हणजे 15 तासांची. साडेपाच तास त्याच्या आत बसतात म्हणून तुमचं आपोआप सुधारतं. ज्यांचा सेल गेलाय आणि तारीख काही वर्षं मागे गेलीये त्यांचं सुधारत नाही ते याचमुळे, तिथे आधी हाताने तारीख जवळपास आणून ठेवावी लागते आणि मग सिंक नाऊ दाबायचं.

सेलबद्दल पण सांगतो कारण या उत्तरावर तेच विचारायला लोक येतील. तो सीआर2032 असतो, 3 व्होल्टचा, नावातच माप आहे, 20 मिलिमीटर व्यास आणि 3.2 मिलिमीटर जाडी. पीसीची वायर भिंतीच्या सॉकेटला आहे आणि बटण चालू आहे तोपर्यंत एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) मधून थोडी स्टँडबाय वीज बोर्डाला मिळत राहते आणि घड्याळ त्यावरच चालतं, सेल जवळजवळ वापरलाच जात नाही. आपल्याकडे रात्री ऑफिस बंद करताना भिंतीवरचं मेन बटण बंद करायची सवय आहे (चांगली सवय आहे, पावसाळ्यात विजांमुळे तर हवीच), पण मग रात्रभर घड्याळ सेलवर राहतं आणि सेल लवकर उतरतो. म्हणून एकाच दिवशी घेतलेल्या दोन पीसींपैकी एकाचा सेल कधीच संपून जातो आणि दुसऱ्याचा कितीतरी वर्षं चालतो. गेलेल्या सेलची लक्षणं साडेपाच तासांसारखी नसतात: तारीख बोर्ड तयार झाल्याच्या आसपास जाऊन बसते, बायोसच्या काही सेटिंग उडतात, ब्राउझर प्रत्येक साइटला सर्टिफिकेट चुकीचं म्हणतो कारण त्याच्या मते ते सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही, आणि लिनक्स चालू होताना डिस्क तपासणी तक्रार करते की मागच्या वेळी डिस्क जोडली ती वेळ भविष्यातली आहे. अशा वेळी लोक ब्राउझर नव्याने टाकतात, अँटीव्हायरस काढतात, कशाचा उपयोग होत नाही. तारीख बघा आधी. पतसंस्थेत तर मी सगळ्यांना सांगून ठेवलंय की सकाळी पहिली नोंद करायच्या आधी कोपऱ्यातली तारीख वाचायची, कारण भलत्या तारखेला पडलेली पावती नंतर निस्तरायला फार वेळ जातो आणि त्यात सभासदाचा पैसा अडकलेला असतो.

आता तिसरा प्रकार, थोडं थोडं सरकणं. हा भाग मला स्वतःला फार आवडतो. घड्याळाच्या आत क्वार्ट्झचा एक बारीक चिमट्यासारखा क्रिस्टल असतो, तो सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. हा आकडा म्हणजे दोनचा पंधरावा घात, पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर सेकंदाला एक ठोका मिळतो. साध्या क्रिस्टलमध्ये दहा लाखात वीसची चूक चालते, ऐकायला काहीच नाही, पण दिवसाला 86,400 सेकंद म्हणजे दिवसाला जवळपास पावणेदोन सेकंद, महिन्याला 50 च्या वर. शिवाय तो तापमानाला हळवा. साधारण 25 अंशाला तो सगळ्यात जोरात चालतो, त्यापेक्षा गरम झालं तरी मंदावतो आणि थंड झालं तरी मंदावतो. अकोला-नागपूरकडे उन्हाळ्यात बंद खोलीत 45 अंश झाले की नुसत्या उष्णतेने दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास मागे पडायला लागतो, त्यात खोट कुणाचीच नाही. म्हणून आरटीसीकडून अचूकतेची अपेक्षा ठेवूच नये. त्याचं काम एवढंच की पीसी बंद असताना वेळ साधारण धरून ठेवायची. अचूकता आणायची नेटवरून, एनटीपीने (सर्व्हरला विचारून वेळ जुळवायची पद्धत), आणि ती सिस्टम क्लॉकमधून चिपमध्ये उतरवायची.

उबुंटूत हे बरंचसं आपोआप होतं. सिस्टमडी-टाइमसिंकडी किंवा नव्या आवृत्त्यांमध्ये क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्राम चालू असतो, तो सर्व्हरशी बोलून सिस्टम क्लॉक जुळवतो, आणि घड्याळ जुळलंय असं एकदा कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) कळलं की कर्नल स्वतः दर 11 मिनिटांनी ती वेळ आरटीसीत लिहीत राहतो. क्रोनी असेल तर त्याच्या कॉन्फिगमध्ये आरटीसीसिंक हा शब्द एका ओळीत पाहिजे, नसेल तर टाका. टाइमडेटसीटीएल मध्ये सिस्टम क्लॉक सिंक्रोनाइज्ड समोर येस दिसलं की पुढचं बघायला नको. नो दिसत असेल आणि नेट चालू असेल तर बहुतेक वेळा ऑफिसच्या फायरवॉलने यूडीपीचा 123 नंबरचा पोर्ट अडवलेला असतो, तो उघडून घ्या.

एक गोष्ट मात्र करू नका. जुन्या लेखांमध्ये क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारा प्रोग्राम) दर तासाला वेळ सेट करणारी कमांड टाकायला सांगतात. त्याने घड्याळ एकदम उडी मारतं, आणि उडी मागे असेल तर एकच मिनिट दोनदा येतं, डेटाबेसमध्ये आधीची नोंद नंतरची दिसते, लॉग वाचताना डोकं फिरतं. क्रोनी तसं करत नाही, पीसी चालू झाल्यावर सुरुवातीलाच मोठा फरक असेल तर एकदा उडी, त्यानंतर घड्याळ किंचित जोरात किंवा सावकाश चालवून फरक मिटवतो, वेळ मागे जाऊ देत नाही.

नेट नसलेल्या मशीनवर, उदाहरणार्थ गोडाऊनमधल्या वजनकाट्याच्या पीसीवर, एचडब्ल्यूक्लॉक ही आरटीसी वाचायची-लिहायची कमांड कामाला येते. हाताने वेळ बरोबर लावून त्याला सिसटूएचसी आणि अपडेट-ड्रिफ्ट हे दोन पर्याय देऊन चालवायचं, काही दिवसांनी परत तसंच, मग ते दिवसाला किती सरकतंय याचा हिशोब ईटीसीमधल्या अ‍ॅडजटाइम फाइलमध्ये ठेवतं आणि पुढे त्याप्रमाणे दुरुस्ती करता येते. पण हे फक्त नेट नसेल तरच, 11 मिनिटांवालं लिखाण चालू असताना हा हिशोब बिघडतो, दोन्ही एकत्र ठेवू नका.

सर्व्हर कुठला ठेवायचा, तर घरी जो डिफॉल्ट आहे तो चालेल. ऑफिस असेल तर भारतीय प्रमाणवेळ सांभाळणारी संस्था दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा, तिचा सर्व्हर टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी, आणि एनआयसीचे (सरकारचं राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र) समय1 आणि समय2 डॉट एनआयसी डॉट इन. सर्ट-इनने (सायबर सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था) एप्रिल 2022 मध्ये काढलेल्या आदेशात कंपन्यांनी यांच्याशी किंवा यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशीच घड्याळं जुळवावीत असं सांगितलंय, त्यामुळे ऑडिटवाले विचारू शकतात.

आता तुम्ही एवढंच करा: विंडोजची ती रजिस्ट्री, उबुंटूत टाइमडेटसीटीएल बघणं, मग पीसी पूर्ण बंद करून, नेटची वायर काढून आधी एकात आणि नंतर दुसऱ्यात चालू करून बघा. नेट काढणं महत्त्वाचं, नाहीतर नेटने दुरुस्त केलं की तुमच्या सेटिंगने, ते कळणार नाही. दोन्हीकडे वेळ बरोबर आली की वायर लावून टाका. नाहीच आली तर टाइमडेटसीटीएलचा पूर्ण आउटपुट इथे खाली टाका, मी बघतो.