मोठ्या संख्येने ओळखपत्रे छापायची असतील तर आधी कार्ड ठरवा, मग प्रिंटर

आपला प्रश्न मला असा समजला आहे: संस्थेतील सुमारे १२,००० जणांना तीन आठवड्यांत नवी ओळखपत्रे द्यायची आहेत आणि त्यानंतर वर्षभर रोज तीस-चाळीस कार्डे लागत राहतील. पुढच्या बाजूला रंगीत छायाचित्र, मागे नियमावली व बारकोड आणि कार्डात दारे उघडणारी संपर्करहित चिप असेल. विक्रेत्याने ताशी २०० कार्डे छापणारे एकच मोठे यंत्र सुचवले आहे. ते घ्यावे का? माझे मत असे की आजच घेऊ नये. कार्डाचा आराखडा पक्का होण्यापूर्वी कोणते यंत्र पुरेसे ठरेल हे सांगताच येत नाही, आणि आपण दिलेल्या वर्णनाचे कार्ड त्या यंत्रावर वेळेत पूर्ण होणार नाही.

माहितीपत्रकातील ताशी वेग बहुधा एका बाजूच्या रंगीत छपाईचा असतो. कार्डे एकामागून एक सलग चालली आहेत, चिपमध्ये काहीही लिहायचे नाही आणि रिबन (छपाईच्या रंगांची फीत) संपलेली नाही, असे त्यात गृहीत धरलेले असते. ताशी २०० म्हणजे एका कार्डाला १८ सेकंद. मागची बाजू छापायची म्हटली की कार्ड यंत्राच्या आत उलटावे लागते आणि दुसऱ्यांदा प्रिंटहेडखालून, म्हणजे छपाई करणाऱ्या तापत्या भागाखालून, न्यावे लागते. मागे फक्त काळी छपाई असली तरी कार्डामागे सहज २५ सेकंद लागतात. चिप लिहून तपासण्यासाठी आणखी पाच सेकंद धरले तर ३० सेकंद होतात, म्हणजे ताशी १२०. रिबन बदलणे, सफाई, अडकलेली कार्डे आणि पुन्हा छापावी लागणारी कार्डे यांचा वेळ वजा केल्यावर ताशी ९० चांगली कार्डे मिळाली तरी मी ते समाधानकारक मानतो. दिवसाला प्रत्यक्ष छपाईचे सहा तास आणि तीन आठवड्यांत कामाचे १८ दिवस धरले तर आपल्या हाती १०८ तास आहेत. ताशी ९० या दराने १२,००० कार्डांना १३३ तास लागतात. हे सेकंद माझ्या अंदाजाचे आहेत आणि यंत्रागणिक ते बदलतील, परंतु हिशेबाची रीत हीच ठेवावी: वर्षाची एकूण संख्या बाजूला ठेवून गर्दीच्या दिवसांत दर तासाला किती चांगली कार्डे बाहेर पडली पाहिजेत ते काढावे.

आता आराखड्याकडे पाहू. प्रत्येक कार्डावर खरोखर काय बदलते, तर छायाचित्र, नाव, क्रमांक आणि बारकोड. बोधचिन्ह, रंगीत पट्टा, पत्ता, मागची नियमावली हे सर्व १२,००० कार्डांवर एकसारखेच असते, आणि ते प्लास्टिक कार्डे बनवणाऱ्या छापखान्याकडून ऑफसेट पद्धतीने आधीच छापून घेता येते. त्यासाठी नियम व चिन्हे काही काळ बदलणार नाहीत याची खात्री हवी. पदाधिकाऱ्याची सही किंवा वर्ष अशा गोष्टी आगाऊ छापू नयेत, नाहीतर उरलेला साठा वाया जातो. बारकोड पुढच्या बाजूला आणला की मागची बाजू प्रिंटरपुढे न्यावीच लागत नाही. मग कार्डामागे १८ अधिक ५, म्हणजे २३ सेकंद लागतात. ताशी सुमारे १५६ होतात आणि खोळंबा वजा जाता साधारण ११५ उरतात. तेच यंत्र १२,००० कार्डे आता १०५ तासांच्या आत संपवते. यंत्र बदलले नाही, यंत्राचे पैसे वाढले नाहीत, केवळ मागची बाजू आधी छापून घेतली आणि बारकोडची जागा बदलली. शिवाय छायाचित्र कार्डाच्या एका अर्ध्या भागात बसवले तर अर्ध्या रुंदीच्या रंगीत पॅनेलची (रिबनवरील एकेका रंगाच्या तुकड्याची) रिबन वापरता येते, आणि कार्डामागचा खर्च बराच खाली येतो. आपण निवडलेल्या यंत्राला अशी रिबन मिळते का, हे मात्र आधी विचारून घ्यावे.

रिबनच्या खर्चाबद्दल अनेकांचा एक गैरसमज असतो. या प्रिंटरमध्ये शाई नसते. पिवळा, मजेंटा, सायन, काळा आणि वरचा पारदर्शक थर असे पाच पॅनेल एकामागून एक असलेली फीत असते आणि प्रत्येक कार्डामागे पाचही पॅनेल खर्च होतात. कार्डावर फक्त अंगठ्याएवढे छायाचित्र असले तरी तेवढेच, आणि संपूर्ण कार्ड रंगवले तरी तेवढेच. म्हणून रंग कमी वापरल्याने पूर्ण पॅनेलच्या रिबनमध्ये काहीच वाचत नाही. केवळ काळ्या रंगाची रिबन याच्या उलट स्वस्त आणि वेगवान असते. ज्या कार्डांवर छायाचित्र नको, उदाहरणार्थ अभ्यागतांची कार्डे, ती आधी छापलेल्या कार्डांवर काळ्या रिबनने काढावीत.

छपाईची पद्धत हा यापुढचा निर्णय. थेट छपाईच्या यंत्रात तापलेले प्रिंटहेड रिबनवरून कार्डावर दाबले जाते. ही यंत्रे स्वस्त असतात, वेगवान असतात, आणि बहुतेक संस्थांचे काम त्यांवर उत्तम चालते. त्यांच्या दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी की कडेला केसभर पांढरी रेघ राहू शकते, त्यामुळे पार्श्वभूमी कडेपर्यंत गडद असलेला आराखडा त्यांना मानवत नाही. दुसरी आपल्या कामात अधिक महत्त्वाची आहे: चिप असलेल्या कार्डाचा पृष्ठभाग चिपच्या जागी किंचित उंचसखल असतो, तिथे हेडचा दाब सारखा पडत नाही आणि छायाचित्र नेमके त्याच जागी आले तर चेहऱ्यावर फिकट ठिपका दिसतो. हेड प्रत्यक्ष कार्डाच्या इतके जवळ चालत असल्याने धुळीचा एखादा कणसुद्धा त्याला कायमचा ओरखडा पाडू शकतो, आणि मग प्रत्येक कार्डावर एक सरळ पांढरी रेघ उमटू लागते.

पुनर्हस्तांतरण पद्धतीत चित्र आधी पारदर्शक फिल्मवर छापले जाते आणि नंतर ती फिल्म उष्णतेने कार्डावर चिकटवली जाते. हेडचा कार्डाशी संबंध येत नसल्याने चिपचा उंचवटा बाधत नाही, छपाई कडेपर्यंत जाते आणि पॉलिकार्बोनेटसारख्या कठीण कार्डांवरही ती जमते. त्याबदल्यात यंत्र महाग पडते, वेग सहसा कमी असतो आणि रिबनबरोबर फिल्मचाही खर्च येतो. आपल्या बाबतीत छायाचित्र चिपच्या जागेपासून दूर ठेवणे शक्य असेल तर थेट छपाई पुरेशी आहे असे मला वाटते. आराखडा बदलण्यास कोणी तयार नसेल, किंवा कार्ड अनेक वर्षे टिकवायचे असेल, तरच पुनर्हस्तांतरणाकडे वळावे. लॅमिनेशनचा विचारही याच जागी करावा. कार्ड दिवसातून अनेकदा खिशातून काढले जात असेल, यंत्रात घासले जात असेल, तर रिबनचा पारदर्शक थर अपुरा पडतो आणि वरून पॉलिस्टरचा पातळ थर चढवावा लागतो. पण लॅमिनेशनचा हा जोडभाग वेग आणखी खाली आणतो. पुनर्हस्तांतरण किंवा लॅमिनेशन करायचे असेल तर निव्वळ पीव्हीसी या प्लास्टिकची कार्डे घेऊ नयेत, कारण उष्णतेने ती वाकू शकतात. पीव्हीसी आणि पीईटी (पॉलिस्टर) यांचे मिश्र कार्ड मागवावे.

बारकोडबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ही चूक सगळी कार्डे वाटून झाल्यावर ध्यानात येते. काळा रंग दोन तऱ्हांनी उमटतो: काळ्या पॅनेलमधील रेझिनने (घट्ट काळ्या राळेने), किंवा तीन रंग एकावर एक छापून. दुसऱ्या तऱ्हेचा काळा डोळ्यांना काळाच दिसतो, परंतु त्याच्या कडा किंचित पसरट असतात आणि अवरक्त प्रकाशावर चालणाऱ्या वाचकयंत्राला तो जवळजवळ दिसतच नाही. म्हणून बारकोड, क्यूआर कोड आणि लहान अक्षरे रेझिननेच छापली गेली पाहिजेत. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकावरून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, त्याची सोय असते, पण ती साधारणपणे निखळ काळ्या रंगातील मजकुरालाच लागू होते. कार्डाचा पूर्ण आराखडा एक चित्र म्हणून प्रिंटरकडे पाठवला तर अक्षरांच्या कडांवरील करड्या छटा रंगीत पॅनेलमधून जातात आणि नाव धूसर दिसते. नावे देवनागरीत असतील तर कार्ड बनवणारे सॉफ्टवेअर युनिकोड नीट हाताळते का, हे जोडाक्षरे असलेली पाचपन्नास नावे छापून पाहावे.

कार्डाचा आकार आणि जाडी यांत वेगळेपणा करू नये. आयएसओ/आयईसी ७८१० या आंतरराष्ट्रीय मानकातील आयडी-१ हा आकार, म्हणजे ८५.६० बाय ५३.९८ मिलिमीटर आणि ०.७६ मिलिमीटर जाडी, बाजारातील जवळजवळ सर्व यंत्रे घेतात.

चिपच्या बाबतीत विक्रेत्याला दोन गोष्टी विचाराव्यात. दारावरील वाचकयंत्रे १२५ किलोहर्ट्झची आहेत की १३.५६ मेगाहर्ट्झची, यावर एन्कोडर, म्हणजे प्रिंटरमधील चिप लिहिणारा भाग, ठरतो. तो कारखान्यातून बसवून येतो की नंतर बसवता येतो, हेही विचारावे. मायफेअर क्लासिक या जुन्या कार्डांचे संकेतलेखन २००८ मध्येच फोडले गेले असल्याने नव्याने १२,००० कार्डे घेताना तीच पुन्हा घेणे मला मुळीच योग्य वाटत नाही. एईएस ही आधुनिक संकेतलेखनाची पद्धत वापरणारी कार्डे घ्यावीत. जिथे संस्था चिपचा केवळ अनुक्रमांक वाचते तिथे छपाईच्या वेळी चिपमध्ये काही लिहावे लागत नाही, फक्त तो क्रमांक वाचून योग्य व्यक्तीच्या नोंदीशी जोडावा लागतो. हे काम प्रिंटरमध्येच झाले तर उत्तम. हाताने जोडत बसल्यास एकाच्या कार्डाने दुसऱ्याचे दार उघडते.

एक मोठे यंत्र की दोन मध्यम, या प्रश्नावर माझा कल स्पष्टपणे दोनकडे आहे. वर केलेल्या हिशेबात १०८ पैकी १०५ तास खर्च होतात. एक दिवस यंत्र बंद पडले की वेळापत्रक कोसळते. एकाच मॉडेलची दोन यंत्रे घेतली तर रिबन, सफाईचे साहित्य आणि सुटे भाग दोन्हींना चालतात, वेग तेवढाच असेल तर काम निम्म्या दिवसांत संपते, आणि पुढे वर्षभर एक यंत्र रोजच्या कामाला व दुसरे राखीव राहते. रोजच्या तीस-चाळीस कार्डांसाठी तर मध्यम यंत्रसुद्धा जास्तच आहे. याहून सोपा पर्याय म्हणजे पहिली १२,००० कार्डे बाहेरच्या सेवेकडून छापून घ्यावीत आणि स्वतःसाठी एकच मध्यम प्रिंटर ठेवावा. मात्र तेव्हा सर्वांची छायाचित्रे व माहिती बाहेर द्यावी लागते, आणि ते आपल्या संस्थेला चालेल का याचा निर्णय आपणच घ्यावा.

यंत्राच्या हॉपरमध्ये, म्हणजे कोरी कार्डे भरण्याच्या कप्प्यात, १०० ऐवजी २०० कार्डे मावत असतील तर यंत्रापाशी कोणी सतत उभे राहावे लागत नाही. बिघडलेली कार्डे वेगळ्या कप्प्यात पडली पाहिजेत, नाहीतर चिप न लिहिलेले कार्ड चांगल्या गठ्ठ्यात मिसळते आणि ते शोधण्यात अर्धा दिवस जातो. नेटवर्क जोडणी असावी.

दरपत्रक मागवताना यंत्राच्या किमतीवर तुलना करू नये. एका चांगल्या कार्डाची पूर्ण किंमत लेखी मागवावी: कोरे कार्ड, रिबन, फिल्म असल्यास फिल्म, सफाईचे साहित्य, वाया जाणाऱ्या कार्डांचा वाटा आणि प्रिंटहेड बदलण्याचा खर्च, हे सर्व त्यात यावे. फार्गो, झेब्रा, इव्होलिस यांसारखे अनेक ब्रँड या बाजारात आहेत, आणि बहुतेक यंत्रे आपल्याच कंपनीची, ओळखीची चिप बसवलेली रिबनच स्वीकारतात. तेव्हा यंत्र घेणे म्हणजे पुढची अनेक वर्षे तीच रिबन घेण्याचे मान्य करणे असते. २५० कार्डांची रिबन धरली तर १२,००० कार्डांना ४८ लागतात, वाया जाणारी पाच टक्के धरून ५१. इतक्या रिबन विक्रेत्याच्या साठ्यात आहेत का, संपल्यास किती दिवसांत येतात, हे खरेदीआदेशापूर्वी विचारावे. प्रिंटहेडच्या हमीच्या अटी पूर्ण वाचाव्यात. अधिकृत रिबन वापरणे आणि ठरल्या अंतराने सफाई करणे ही अट सहसा असते. प्रत्येक रिबन बदलताना सफाई, असा साधा नियम चालकाला घालून द्यावा आणि तारखेची नोंद ठेवावी. देखभाल करारात दुरुस्तीच्या काळात पर्यायी यंत्र मिळेल का, हे कलम मी सर्वांत आधी पाहतो.

प्रात्यक्षिक विक्रेत्याच्या नमुना चित्रावर पाहू नये. आपला आराखडा, आपली चिप असलेली कार्डे आणि आपल्याच नोंदींतील २०० नावे देऊन ती सलग छापायला सांगावीत, पहिल्या कार्डापासून शेवटच्यापर्यंत घड्याळ लावावे, आणि मधे रिबन बदलावी लागली तर तो वेळही त्यातच मोजावा. छापून झाल्यावर सर्व कार्डे दारावरच्या वाचकयंत्राला दाखवावीत, बारकोड वाचून पाहावेत, आणि पहिले व शेवटचे कार्ड शेजारी ठेवून चेहऱ्याचा रंग बदलला आहे का ते बघावे. गडद आणि उजळ, दोन्ही वर्णांच्या व्यक्तींची छायाचित्रे त्या २०० मध्ये असू द्यावीत. काही यंत्रांच्या मूळ मांडणीत गडद चेहऱ्यांचे बारकावे बुजतात आणि ते ड्रायव्हरमध्ये सुधारता येतात का, हे तिथेच कळते.

शेवटी वापरून झालेल्या रिबनचा प्रश्न राहतो, ज्याचा उल्लेख दरपत्रकांत सहसा नसतो. छापलेल्या प्रत्येक कार्डाची उलटी प्रतिमा त्या फितीवर राहते. काळ्या पॅनेलवर तर नाव आणि क्रमांक स्वच्छ वाचता येतात. पुनर्हस्तांतरणाच्या वापरलेल्या रिबनलाही हेच लागू आहे. संपलेल्या रिबन व बिघडलेली कार्डे कुलूपबंद पेटीत जमा करून, कोणाच्या देखरेखीखाली आणि किती दिवसांनी ती नष्ट करायची, हे खरेदीच्या टिपणीतच लिहून ठेवावे आणि फीत कापू शकणाऱ्या श्रेडरची किंमत त्याच अंदाजपत्रकात धरावी.