रिमोटवर उडणाऱ्या पहिल्या विमानाला मोटर कोणती घ्यावी?

फोमचं विमान सातशे-आठशे ग्रॅमचं असेल तर ए२२१२, १००० केव्हीची ब्रशलेस मोटर घे. केव्ही म्हणजे लोड नसताना दर व्होल्टला मिनिटाला किती फेरे. २२०० केव्हीच्या मोहात पडू नकोस. तिला ६ इंची प्रॉपेलर लागतो, संथ ट्रेनरला, म्हणजे शिकाऊ विमानाला, तो नीट ओढत नाही. १००० ला १० इंची, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), ३ सेलची २२०० एमएएच लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी. काटकसर मोटरवर कर, चार्जरवर अजिबात नाही. प्रत्येक सेल सारखा भरणारा बॅलन्स चार्जरच हवा, आणि लिपो चार्जिंगला लावून झोपायचं नाही! घरात मोटर फिरवताना प्रॉपेलर काढून ठेव, बोटं जातात रे. तू उलव्याचा, विमानतळ शेजारीच, तिकडे उडवू नकोस. रविवारी ठाण्याला ये, जोडणी टेबलावरच तपासू.